घोसाळ्याचा मांडव

पावसाळ्यात आमच्या शेणव्याला मांडव नसलेलं अंगण शोधूनही सापडत नाही. कुणाचा काकडीचा, कुणाचा शिराळ्याचा, कुणाचा कारल्याचा. त्यामुळे बाबांनी पहिल्यांदा अंगणात चार बांबू रोवले तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून विचारायचे, "काय लावलाव भाऊ, दुधी का?" बाबा म्हणायचे, "काही लावलेलं नाही. यात आम्हीच बसणार आहोत." मग मात्र लोक जरा थांबायचे, घराकडे एक नजर टाकायचे आणि पुढे जायचे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या घरात या सणाला मांडवाचा सण म्हणतात. आमचे पूर्वज गुलामीतून सुटून रानोमाळ भटकत होते, तेव्हा झोपड्यांतून राहिले, त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा आठवडाभर घराबाहेर, फांद्यापानांच्या छपराखाली जेवायचं. छपर असं विरळ हवं की रात्री त्यातून चांदण्या दिसाव्यात. मला लहानपणी हा सण म्हणजे निव्वळ छळ वाटायचा. चांगलं कौलारू घर असताना बाहेर बसायचं, वरून आमटीत पानं पडणार, खालून मुंग्या पायावर चढणार, आणि तक्रार केली की बाबा म्हणणार, "मुंग्यांचाच मांडव आहे तो. आपण पाहुणे."

बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत नोकरीला होते, मुरबाडच्या अंगाला, सिद्धगडाच्या पायथ्याशी. आयुष्यभर पिशव्यांतून रोपं वाढवली आणि ती लोकांच्या हवाली केली. निवृत्त झाल्यावर ठाण्याला भावाशेजारी घर घ्यायचं सोडून त्यांनी शेणव्याला जागा घेतली, आणि आई त्यांच्यामागून कुरकुरत आली. मी शहापूरला शाळेत शिकवते, तेव्हा मला ते सोयीचंच पडलं. लग्न केलं नाही, त्यामुळे कुरकुरायला आईजवळ कायमची हक्काची जागा म्हणजे मी.

झाडाच्या बाबतीत बाबांची एक वेगळीच तऱ्हा होती. फांदी तोडायची वेळ आली की त्यांना हजार कामं आठवायची. मांडवाला तर फांद्या लागणारच. मग हा माणूस सणाच्या आधी महिनाभर वाऱ्याने मोडून पडलेल्या फांद्या गोळा करत हिंडायचा. विजेच्या तारांना लागणारी झाडं छाटायला माणसं आली की त्यांच्यामागे चहाचा थर्मास घेऊन फिरायचा आणि खाली पडलेलं सगळं ओढत घरी आणायचा. लढाईत शहराला वेढा पडला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये असं आपल्या ग्रंथात लिहिलंय, हे ते इतक्या वेळा सांगायचे की शेजारच्या मावशीलासुद्धा पाठ झालं होतं. सणाच्या प्रार्थनेत हातात धरायला चार वनस्पती लागतात. त्यातली शिंदीची मिटलेली पात आणि ओढ्याकाठच्या वाळुंजीची डहाळी ते स्वतः आणायचे. महाळुंगाचं फळ आणि विलायती मेंदी मुरबाडच्या ओळखीच्या माणसाच्या परसातून यायची. थंडीत झाडांचं नवं वर्ष येतं, त्या दिवशी आई पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा करायची आणि बाबा सणात जेवढ्या फांद्या वापरल्या असतील तेवढी रोपं लावायचे. "उधारी ठेवायची नाही," म्हणायचे. आमच्या घरामागे आज जे सावलीचं रान आहे, ते असं हळूहळू झालेलं आहे.

एका गोष्टीचं मात्र बाबांना कायम लागून राहिलं होतं. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, या मांडवात कधीच जेवायला आले नाहीत. काका ठाण्याला राहतात. तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमची जुनी माणसं ज्याला मशीदच म्हणतात तिथे, ते सणासुदीला प्रार्थना चालवतात. धर्माच्या नियमांत काका एकदम पक्के. बाबा दरवर्षी फोन करायचे, "या वर्षी ये रे. मांडव मस्त झालाय." काका म्हणायचे, "सणात मला कुठे सोडतात? पुढच्या वर्षी बघू." बाबा फोन ठेवून म्हणायचे, "पुढच्या वर्षी येतोय." मी म्हणायचे, "हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होता." त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की माझीच मला लाज वाटायची.

मग एका हिवाळ्यात बाबा गेले. आजारी असे फारसे पडलेच नाहीत. आढ्याला बियाण्यासाठी घोसाळी वाळत टांगलेली होती, ती तशीच राहिली. अंगणातले चार बांबूही तसेच राहिले. आई त्यांना कुणाला हात लावू देईना.

जूनमध्ये पाऊस बरा लागल्यावर आईने आढ्याचं एक घोसाळं काढलं, हलवलं, बिया खुळखुळल्या. त्या तिने एका बांबूच्या बुडाशी लावल्या, आणि त्यांतला एक वेल तगला. मला वाटलं, भाजी होईल. आईच्या मनात दुसरंच होतं. वेल चढायला लागला तसं तिने वर सुतळीचं जाळं विणलं. सप्टेंबरपर्यंत चारी बांबूंवर हिरवंगार छपर झालं. पहाटे पिवळी फुलं उमलायची आणि त्यांच्यावर भुंगे यायचे. खाली हिरवी घोसाळी लोंबायची. आणि एका संध्याकाळी आई म्हणाली, "या वर्षी एकही फांदी तोडायची नाही. मांडव त्यांच्या बियांचाच. आणि भाऊजींना बोलवायचं. एकदा तरी त्यांनी ह्यांच्या मांडवात जेवलंच पाहिजे."

मी म्हटलं, "ते येणार नाहीत."

"येतील. मी बोलते."

आईने फोनवर काय सांगितलं ते मला कळलं नाही, कारण मला तिने खोलीबाहेर घालवलं होतं. पण काका आले. त्या वर्षी सण उशिरा होता, आश्विनातल्या पुनवेला लागत होता. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना आटगाव स्टेशनातून रिक्षाने घरी आणलं. हातात काठी, खांद्याला प्रार्थनेच्या पुस्तकांची पिशवी, दोन दिवसांचे कपडे. वाटेभर ते पिकलेल्या भाताकडे बघत होते. एकदाच म्हणाले, "किती पिवळं झालंय सगळं."

अंगणात शिरल्या शिरल्या त्यांनी मांडव पाहिला आणि पाहतच राहिले. आई दारात उभी होती. तिने नवीन पातळ नेसलं होतं, सण उद्या असूनही. मला वाटलं, काकांना गहिवरून आलं. ते मांडवाखाली गेले, मान वर केली, काठीने एक पान जरासं बाजूला केलं, मग वेलाच्या बुडाशी वाकून पाहिलं.

"हा जिवंत आहे," काका म्हणाले.

"हो तर," आई कौतुकाने म्हणाली. "किती घोसाळी लागलीत बघा ना."

काका मांडवाबाहेर निघाले. ओट्यावर येऊन बसले, पाणी प्यायले, आणि मग हळूच, आईकडे न बघता सांगितलं. मांडवाचं छपर जमिनीतून उगवलेलं हवं, हे खरं. पण ते जमिनीपासून तुटलेलंही हवं. मुळावर उभ्या असलेल्या वेलाचं छपर चालत नाही. जिवंत झाडाखाली मांडव घातला तरी चालत नाही. हे काही त्यांचं म्हणणं नव्हे, नियमच तसा.

आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. बाबांनी कधी वेल चढवलाच नव्हता, मोडक्या का होईना, फांद्याच घातल्या होत्या, म्हणून प्रश्न आला नव्हता. आईने झाडाची इतकी काळजी घेतली की मांडवाचा मांडवपणाच गेला. ही चूक आमच्याच घरात होऊ शकते.

"मग आता?" आईने विचारलं.

"बुडाशी एक घाव घालायचा, आणि वेल जरा उचलून परत ठेवायचा. मग चालतो," काका म्हणाले. "सण लागायच्या आत केलं की झालं."

माझं डोकं फिरलं. मी काकांना म्हटलं, "बाबा बोलवत होते तेव्हा आला नाहीत. आता आलात ते त्यांचा वेल कापायला सांगायला?" आईने मला दटावलं. काकांनी मला दटावलं नाही, आणि त्याने मला जास्तच राग आला. मी भांडी घासायला गेले आणि नको तितकी आपटून घासली.

सकाळी उठून पाहते तर आई कोयता घेऊन अंगणात उभी. रात्रभर झोपली नसावी. तिने कोयता काकांपुढे धरला. "तुम्हीच घाला, भाऊजी. माझ्याच्याने व्हायचं नाही. पण तुम्ही मांडवात न जेवता गेलात तर मला ह्यांना तोंड दाखवता येणार नाही."

काका वेलाच्या बुडाशी गेले. गुडघ्याने त्रास दिला, तरी खाली बसले. बूड मनगटाएवढं जाड झालं होतं. त्यांनी कोयता टेकवला, बघितलं, परत टेकवला. वर मान करून त्यांनी लोंबती घोसाळी पाहिली, एक कोवळं हाताने चाचपलं. मला त्यांच्या पाठीकडून एवढंच दिसत होतं की हात उचलत नाही.

"फळ धरलंय याने," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "तोच म्हणायचा ना, फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये म्हणून? लहानपणी हे मीच त्याला वाचून दाखवलं होतं. मला काय ठाऊक तो एवढं मनावर घेईल." त्यांनी कोयता जमिनीवर ठेवला. उठताना मी हात दिला, आणि त्यांनी तो घेतला. राग तिथल्या तिथे गेला असं म्हणणार नाही, पण भांडी मग सरळ घासली.

"मी फळं खाईन," काका म्हणाले. "फळं मांडवाबाहेरही चालतात. केळी आहेत ना घरात?"

आईने तीन दिवस आधीपासून वाल भिजवून, मोड आणून, सोलून ठेवले होते. नारळ खवले होते. आणि हा म्हातारा माणूस सणभर केळी खाणार होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

शेजारची मावशी तेवढ्यात ताक द्यायला आली. त्यांचं घर बौद्ध, शेती स्वतःची, आणि आईची नि तिची दिवसातून चारदा तरी गाठ पडायचीच. आईचं तोंड बघून ती म्हणाली, "काय झाला गो बाय? पाव्हणा आला आन तुझा तोंड का असा?"

आईने सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि काकांकडे वळून विचारलं, "कापलेलाच पायजे ना तुमाला?"

"हो."

"मंग पेंढा चालंल का? आमचा हळवा भात झोडून झालाय. खळ्यात ढीग पडलाय नुसता."

काका काठी टेकत उभे राहिले. पेंढा जमिनीतून उगवलेला, आणि कापलेला. "दाणा नको पण त्यात," ते म्हणाले. "खायची वस्तू छपराला चालत नाही."

मावशीला हे लागलं. "आमच्या झोडणीत दाणा राहात नाय. बघा येऊन."

काका खरंच बघायला गेले. मावशीच्या खळ्यात उकिडवं बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मावशीच्या नवऱ्याने त्यांना पाट दिला. काकांनी एक-एक पेंढी हलवली, कानाजवळ नेली, लोंब्या बोटांनी चाचपल्या. मावशी कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी काका म्हणाले, "मानलं बुवा." मावशी नवऱ्याला म्हणाली, "ऐकलास ना?" यावरून त्या दोघांच्यात काहीतरी जुनी कुरबूर असावी, कारण तो नुसताच हसला.

आता मांडव घालायचा कुठे? वेलाखाली चालणार नव्हता, आमच्या घरामागे सगळी बाबांची झाडं, त्यांच्याखालीही चालणार नव्हता. आभाळ उघडं दिसेल अशी जागा आमच्या आवारात उरलीच नव्हती. मावशीचा नवरा म्हणाला, "खळ्यात घाला की. आताच सारवलाय." सूर्य मावळायच्या आत सगळं व्हायला हवं होतं, कारण सण लागला की बांधकाम बंद. मी शाळेत रजा टाकली. मावशीच्या नवऱ्याने बांबू रोवले, मी आणि आईने तिच्या जुन्या पातळांच्या भिंती केल्या. वरून बांबूच्या कामट्या आणि त्यांच्यावर पेंढा. मावशीने आपणहून मोठी निळी ताडपत्री आणली. काकांनी हात जोडले. "ही नको. चांदण्या दिसायला पाहिजेत."

"आन पाऊस आला तं?"

"आला तर उठून घरात जायचं."

"मंग आधीच घरात का नाय बसत?" मावशीने विचारलं. हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत होते, त्यामुळे मी उत्तराची वाट बघत राहिले. काका हसून म्हणाले, "तेच तर आठवायचं आहे. घर असतं म्हणून विसरायला होतं." मावशीने ताडपत्रीची घडी घातली.

त्या संध्याकाळी पुनवेचा चंद्र पूर्वेकडच्या डोंगरांमागून वर आला. मावशीच्या घरी वर्षावासाच्या समाप्तीची वंदना चालली होती, पलीकडच्या आळीत कोजागरीचं दूध आटत होतं, आणि आम्ही तिघं खळ्यातल्या मांडवात बसलो होतो. काकांनी आशीर्वाद म्हटला, चपाती मोडली, आणि आईने त्यांच्या ताटात वालाचं बिरडं वाढलं. शेजारी घोसाळ्याची भजी. काकांनी एक उचलून पाहिलं. "त्याच वेलाची?" आईने मान हलवली. काकांनी सहा खाल्ली. मी मोजत नव्हते, आई मोजत होती, आणि तिने नंतर मला दोनदा सांगितलं. जेवण झाल्यावर मावशी मसाल्याचं दूध घेऊन आली. आईने मुद्दाम मटण केलं नव्हतं, कारण मटणावर आम्हाला दूध चालत नाही आणि मावशीचं दूध परत पाठवणं तिला चाललं नसतं.

आई त्या रात्री समाधानी होती, पण पुरती नाही. मी तिला ओळखते. झोपायच्या आधी ती अंगणातल्या वेलाखाली जाऊन आली. काका मांडवात जेवले, पण बाबांच्या मांडवात नाही. 

दोन दिवसांसाठी आलेले काका परत जायचं नाव घेईनात. सणातला मधला काळ प्रवासाला मोकळा असतो. मी दोनदा विचारलं, रिक्षा सांगू का? एकदा ते म्हणाले, गुडघा दुखतोय. एकदा म्हणाले, पिशवीत अजून एक सदरा आहे. सकाळी खळ्यात बसून प्रार्थना म्हणायचे, दुपारी बाबांच्या रानात हिंडायचे आणि प्रत्येक झाडाचं नाव मला विचारायचे. मला निम्मी येत नसत. मावशीची कालवड रोज येऊन मांडवाचं छपर एका कोपऱ्यातून ओढून खायची आणि काका तिला काठी न उगारता समजावून सांगायचे की हा सण संपेपर्यंत थांब, मग सगळं तुझंच आहे. मुनिया पाखरं पेंढ्यातल्या काड्या पळवायची. छपर रोज विरळ होत होतं आणि चांदण्या रोज जास्त दिसत होत्या.

शेवटी शेवटी एक पंचाईत झाली. सणाच्या आठव्या दिवशी आमच्यात पावसाची प्रार्थना असते. तिकडे, आमच्या पूर्वजांच्या देशात, जिथे ती प्रार्थना जन्मली, तिथे पाऊस याच सुमाराला सुरू व्हायचा असतो. इकडे मात्र मावशीचा निमगरवा, म्हणजे हळव्याच्या मागून पिकणारा, भात कापून शेतात पसरलेला होता. दुपारनंतर ढग यायचे, लोक आभाळाकडे बघत जेवायचे. काका पुस्तक उघडून बसले तेव्हा मावशी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आज कसली हाय?" आणि आमची आई, जी इतर वेळी चार गोष्टी झाकून बोलते, ती सरळ म्हणाली, "पावसाची."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय, आता नको गो. आमचा सगळा भात पडलाय शेतात. तुमचा देव ऐकंल पन."

काकांनी पुस्तकावरून मान वर केली. नियम म्हणजे नियम, हे ज्यांच्या हाडात आहे, त्या माणसाने शेताकडे पाहिलं, छपरातल्या पेंढ्याकडे पाहिलं. प्रार्थना त्यांनी म्हटली. सोडली नाही. पण एरवी ज्यांचा आवाज म्हणे ठाण्याला रस्त्यापर्यंत ऐकू येतो, ते अशा हळू आवाजात म्हणत होते की हातभर अंतरावर बसून मला ऐकू येईना. पुस्तक मिटून ते मावशीला म्हणाले, "काळजी करू नको, ताई. तिकडचा पत्ता नीट सांगितलाय."

त्या दिवशी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशीने भात उचलला आणि कुणाचे आभार मानायचे ते न विचारता एक कणसांची जुडी आमच्या दाराला बांधून गेली.

पावसाच्या प्रार्थनेनंतरचा, नववा दिवस सणाचा शेवटचा. त्या दिवशी मांडवात बसायचं बंधन नसतं, माणसं घरात परत येतात. आईने सवयीने ताटं घेतली आणि घराकडे वळली, आज आत वाढायचं म्हणून. काका ओट्यावर होते. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने खुर्ची फरफटत, ते अंगणात उतरले. मी धावले, तर म्हणाले, "राहू दे, जमतंय." खुर्ची त्यांनी वेलाच्या मांडवाखाली नेली, बरोबर मधोमध ठेवली आणि बसले.

"अगं, ताट इकडे आण," त्यांनी आईला हाक मारली.

आई दारातच थांबली. "पण हा चालत नाही ना, भाऊजी?"

"काल चालत नव्हता," काका म्हणाले. "आज माणसाने कुठेही जेवावं. मी याच दिवसासाठी थांबलो होतो."

आई ताट घेऊन इतक्या घाईने आली की आमटी ताटात सांडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. काकांनी घास घेतला. वरून एक पिवळं फूल गळून त्यांच्या भातात पडलं, ते त्यांनी बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मग मान वर केली आणि वेलाकडे, पानांकडे, त्यातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्यांकडे बघत ते साध्या आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी असावं तसे म्हणाले, "आलो बघ रे."

आईने त्यांच्या ताटात आणखी एक भजं वाढलं.